लेकीच्या पुस्तकातलं बोर्डिंग

पत्र: "माझं वय ४२. नाशिकला राहते, बँकेत नोकरी करते. मुलगी सहावीत आहे, एकुलती एक. मे महिन्याच्या सुट्टीत तिने 'मॅलरी टॉवर्स'चे सगळे भाग वाचून काढले आणि तेव्हापासून 'मला पाचगणीला बोर्डिंगला घाल' म्हणून मागे लागली आहे. पुस्तकात असं आहे तरी काय, म्हणून मी पहिला भाग हातात घेतला. रात्री जेवणं आवरून बसले ती संपवूनच उठले. आधी हसले, मग त्या मध्यरात्रीच्या मेजवान्या वाचून संतापले, आणि सॅलीच्या आजारपणाशी आले तेव्हा रडू आवरेना. नवरा म्हणाला, पोरांच्या गोष्टीवर काय रडतेस! मी स्वतः पाचवी ते दहावी निवासी शाळेत काढली. ज्या वर्षी धाकटा भाऊ झाला त्याच जूनमध्ये मला तिथे घातलं. मेसच्या वरणात डाळ शोधावी लागायची, थंडीतही गार पाण्याची अंघोळ, आणि कोणी रडलं की तिचं नाव 'रडूबाई' पडायचं. वडील सोडायला आले तेव्हा 'खोली बघून ये' म्हणून त्यांनी मला आत पाठवलं. मी बाहेर येईपर्यंत ते एसटीने निघून गेले होते. ते आता थकलेत, भावाकडे असतात. मला ही पुस्तकं खोटी वाटतात, मुलीच्या हातून काढून घ्यावीशी वाटतात. मग मला रडू का आलं? हा बालिशपणा आहे का? पुस्तकं काढून घेऊ का? आणि तिला पाठवू का?" – एक वाचक, नाशिक

ताई, रडू जिथे आलं तिथूनच सुरुवात करू.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एनिड ब्लायटनची ही मालिका सहा भागांची, १९४६ ते १९५१ या काळात दरवर्षी एक याप्रमाणे आलेली. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या समुद्रकाठी मुलींची निवासी शाळा, तिला चार बुरूज, आणि डॅरेल रिव्हर्स नावाची बारा वर्षांची मुलगी तिथे पहिल्यांदाच राहायला जाते. तिच्या वर्गात सॅली होप नावाची आणखी एक नवी मुलगी असते. अबोल, कुणात न मिसळणारी. सॅलीच्या घरी तान्ही बहीण आहे, हे डॅरेलला आईच्या पत्रातून कळतं. ती तो विषय काढते, तर सॅली ठासून सांगते की मला बहीण नाही. पुढे दोघींचं वाजतं, डॅरेल रागाच्या भरात तिला ढकलते, सॅली पडते. नंतर सॅलीच्या पोटात असह्य दुखायला लागतं आणि तातडीने ऑपरेशन करावं लागतं. दुखणं निघतं अपेंडिक्सचं, ढकलण्याशी त्याचा संबंध नसतो. पण तोवर सॅलीच्या मनातलंही बाहेर येतं. घरात बाळ आलं आणि आपल्याला शाळेत धाडलं, याचा तिने एकच अर्थ लावलेला असतो. आपली जागा बाळाने घेतली.

आता तुमचंच पत्र परत वाचा. 'ज्या वर्षी धाकटा भाऊ झाला त्याच जूनमध्ये मला तिथे घातलं.' एवढं लिहून तुम्ही पुढच्याच वाक्यात मेसच्या वरणावर गेलात. वरणाबद्दल तुम्हाला तक्रार करता येते. जूनबद्दल तुम्ही फक्त माहिती दिलीत. त्या रात्री पुस्तक वाचताना तुम्ही काही रडायचं ठरवलं नव्हतं. तुमचीच गोष्ट एका परक्या मुलीच्या नावाने समोर आली, आणि ती तुमची आहे हे मनाला आधी कळलं, तुम्हाला नंतर. यात बालिश काय आहे? दहा वर्षांच्या वयात जे बोलायचं राहून गेलं, त्याला बेचाळिसाव्या वर्षी वाट मिळाली.

मी अनेक वर्षं मुलींच्या वसतिगृहात रेक्टर होते. जूनचा दुसरा पंधरवडा दर वर्षी तसाच असायचा. पत्र्याच्या पेट्या, पेटीवर ऑइलपेंटने घातलेलं नाव, किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात. पहिल्या रात्री मोठ्याने रडणाऱ्या मुलींची मला फारशी काळजी वाटायची नाही. त्या रडायच्या, कुणाच्या तरी कुशीत शिरायच्या, आणि गणपतीपर्यंत त्यांचा घोळका झालेला असायचा. काळजी वाटायची ती चादर चोपून चापून घालणाऱ्या, "सगळं बरं आहे बाई" म्हणणाऱ्या मुलीची. पाचवीतली एक पोर आईने दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा उघडायचीच नाही. रोज पेटी उघडून डब्यावरून हात फिरवायची आणि परत कुलूप लावायची. डब्याला मुंग्या लागल्या तेव्हा आम्हाला कळलं. लाडू का खाल्ले नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "संपले असते." सॅली अशाच मुलींपैकी एक आहे. तुमचं पत्र वाचून वाटतं, तुम्हीही तशाच होतात.

तुमच्या लेकीने तेच पुस्तक वाचलं आणि तिला मात्र बोर्डिंगला जावंसं वाटलं. यात चूक कोणाचीच नाही. निवासी शाळेच्या गोष्टीत आईवडिलांना पहिल्या काही पानांतच रजा द्यावी लागते. ते हाकेच्या अंतरावर असले तर मुलांच्या हातून काही घडणारच नाही. अकरा वर्षांच्या वाचकाला ही रजा म्हणजे मोकळं मैदान. खडकात खोदलेला, भरतीच्या पाण्याने भरणारा पोहण्याचा तलाव, मध्यरात्री चोरून केलेली मेजवानी, बाईंची केलेली फजिती. तिचं सगळं लक्ष डॅरेलवर असतं. मोठं माणूस वाचतं तेव्हा त्याची नजर मोठ्या माणसांना शोधते. रात्री तिथे कोण झोपतं? ही मुलगी जेवत नाही हे कुणाच्या लक्षात आलंय का? घरी कोण कळवणार? आणि जी स्वतः निवासी शाळेत राहिलेली असते, ती तर पानोपानी हेच बघते. कुमारवयीनांचं साहित्य मोठ्यांनी वाचू नये, असं म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. मुलांना जे दिसत नाही ते मोठ्यांना दिसतं, आणि ते पुस्तकात असतंच.

तुमचा संताप मला मान्य आहे, पण माझं बोट मी दुसरीकडे ठेवीन. तुम्ही मेजवान्यांवर चिडलात. मला राग येतो तो ग्वेंडोलिनच्या वाट्याला जे येतं त्याचा. आठवतं ना, गाडी सुटताना फलाटावर आईला बिलगून रडणारी ती? तिथेच लेखिकेने तिच्यावर शिक्का मारला. न रडता निरोप घेणारी डॅरेल चांगली, रडणारी ग्वेंडोलिन लाडावलेली. ती पुढे आळशी निघते, खोटारडी निघते, दुबळ्या मुलींना छळते, हे सगळं खरं. पण सहा भागांत तिला मनापासून जवळ घेणारं कुणी भेटत नाही. शेवटच्या भागात वडिलांचं आजारपण येतं आणि तिला शाळा सोडावी लागते, तेही तिला मिळालेल्या धड्यासारखंच मांडलं आहे. लहानपणी वाचताना हे खटकत नाही, कारण तेव्हा आपण सगळ्या डॅरेलच्या बाजूच्या असतो. तुमच्या शाळेतल्या 'रडूबाई' या नावामागे आणि या पुस्तकामागे समजूत एकच आहे. घराची आठवण येणं म्हणजे कमकुवतपणा. ही समजूत चुकीची आहे, आणि मालिकेतली ही मोठी उणीव आहे असं मी स्पष्ट म्हणेन.

तरी पुस्तकं खोटी आहेत, हे मला पटत नाही. ब्लायटन स्वतः कधी बोर्डिंगमध्ये राहिली नव्हती. बेकनहॅममधल्या आपल्या शाळेत ती घरून जायची. ती तेरा वर्षांची व्हायच्या सुमारास तिचे वडील दुसऱ्या बाईसाठी घर सोडून गेले. १९४३ मध्ये तिने दुसरं लग्न केलं ते केनेथ डॅरेल वॉटर्स या सर्जनशी. आता पुस्तकाकडे बघा. नायिकेचं नाव डॅरेल, वय बारा, वडील सर्जन. सॅलीची तब्येत बिघडते तेव्हा ऑपरेशनला धावून येतात ते डॅरेलचेच वडील. ब्लायटनच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण जिचे वडील त्या वयात घर सोडून गेले, तिने लिहिलेल्या शाळेत मुलीवर संकट आलं की वडील येतात, आणि आजारी मुलीची आईही येते. वाचणाऱ्याला हवी असते तशी ती शाळा आहे. कॉर्नवॉलच्या शाळा कशा असतात याचा अहवाल म्हणून ते पुस्तक वाचलं तर ते खोटं पडणारच.

आणि ताई, तुमचे वडील न सांगता एसटीत बसून निघून गेले होते. पुस्तकात वडील येतात त्याच प्रकरणाशी तुमचा बांध फुटला. हे दोन धागे मी जोडले, पण पत्रात ते तुम्हीच दिले होते.

खऱ्या इंग्रजी बोर्डिंगांबद्दल वाचायचं असेल तर जॉर्ज ऑरवेलने आपल्या शाळेवर लिहिलेला निबंध आहे, तो त्याच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये छापला गेला. रोआल्ड डालने 'बॉय' या १९८४ च्या आठवणींत शाळेतल्या छड्यांबद्दल लिहिलंय. जॉय शॅवेरियन या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी तर लहान वयात बोर्डिंगला गेलेल्या आणि मोठेपणी उपचारांसाठी आलेल्या माणसांवर २०१५ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. टाकून दिल्याची भावना, घर गमावल्याचं दुःख, कोंडल्यासारखं वाटणं, हे त्यांनी त्यात मांडलं आहे. यातली बरीच माणसं श्रीमंत घरांतली, महागड्या शाळांत शिकलेली. वरण घट्ट असतं, पाणी गरम असतं, तरी तुमचं दुखणं राहिलंच असतं, हे यासाठी सांगते.

आपल्याकडे वसतिगृहाचा इतिहास वेगळा आहे, आणि वडिलांवर राग धरताना तो लक्षात असू द्या. इंग्लंडात बोर्डिंग ही मुख्यतः पैसेवाल्यांची रीत. आपल्याकडे गावात पुढची शाळा नाही म्हणून पोरांनी वसतिगृहं गाठली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये वसतिगृह उभं केलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत. त्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. मुलांची आई तिथे नव्हती, पण कोण जेवलं आणि कोण नाही हे बघणारी बाई होती. वसतिगृह उभं राहतं ते अशा एका माणसावर. तुमच्या शाळेत ते माणूस नव्हतं. तुमची खरी तक्रार ही आहे, आणि ती रास्त आहे.

त्या काळात मुलीला शिकायला बाहेर ठेवणारा बाप बहुधा तिचं भलंच बघत होता. भाऊ झाला म्हणून तुम्हाला काढून टाकलं, हा दहा वर्षांच्या मुलीने लावलेला अर्थ. खरं कारण कदाचित इतकं साधं असेल, की पाचवीची शाळा तिथेच होती. हेतू चांगला होता म्हणून लागलेलं कमी होतं असं मात्र मी म्हणणार नाही. वडील आहेत तोवर एकदा जाऊन बसा त्यांच्याजवळ. 'मला का टाकलंत' असं विचारलंत तर म्हातारा माणूस एकतर गप्प होईल नाहीतर समर्थन करील. त्यापेक्षा त्या दिवसाबद्दल विचारा. मला आत पाठवल्यावर तुम्ही काय केलंत? एसटी लगेच मिळाली का? घरी जाऊन आईला काय सांगितलंत? वसतिगृहाच्या फाटकाबाहेर उभे राहून रडणारे बाप मी कितीतरी पाहिलेत. पोरीला तोंड दाखवायची हिंमत होत नाही म्हणून ते पळ काढायचे. ते चूकच करत होते, आणि मी त्यांना हाका मारून परत आत पाठवायची. तुमचे वडील त्यांतले होते का, हे तेच सांगू शकतील. हे मी तुम्हाला पहिलं काम म्हणून सांगते. मुलीचा निर्णय त्यानंतर.

पुस्तकं काढून घेऊ नका. काढून घेतलीत तर तिला एवढंच कळेल की आईला त्या पुस्तकांची भीती वाटते, आणि ती ग्रंथालयातून आणून पांघरुणात वाचील. उलट तिला विचारा, तिथे सगळ्यात जास्त काय आवडलं? उत्तर नीट ऐका. माझा अंदाज आहे की तिला शाळा नकोय, मैत्रिणी हव्यात. एकुलत्या एका मुलीला दिवे मालवल्यावर शेजारच्या खाटेवरून येणारी कुजबुज हवीहवीशी वाटते. तसं असेल तर त्याची सोय नाशिकमध्येच होईल. शनिवारी दोन मैत्रिणींना मुक्कामाला बोलवा, रात्री बारा वाजता त्यांना काय खायचं ते खाऊ द्या, आणि तुम्ही त्या खोलीत जाऊ नका. दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभराचं एखादं निवासी शिबिर करून येऊ दे. परतल्यावर चेहरा बघा.

तुमची गोष्टही तिला सांगा, पण बेताने. गार पाणी, पेटीची किल्ली, घंटा, खिडकीतून काय दिसायचं, कोणती मैत्रीण जवळची होती, हे सगळं सांगा. न सांगता निघून गेलेल्या आजोबांचं तूर्त राहू द्या. ते आधी आजोबांशी बोला. आणि 'मी सोसलंय, म्हणून तू जायचं नाहीस' हे वाक्य तोंडून जाऊ देऊ नका. तुमचं सोसणं तिच्या उत्तराच्या जागी ठेवलंत तर ती पुढे मागताना घाबरेल.

पाठवायचं का? माझं मत विचारलंत, तर यंदा नाही. तिची मागणी अजून एका सुट्टीत वाचलेल्या पुस्तकांवर उभी आहे, आणि तुम्ही आत्ता तिची पेटी भरायला बसलात तर त्यात तुमचाच जून भराल. आठवीत जाताना ती पुन्हा मागते का बघा. मागितलं, तर मनापासून विचार करा. काही मुली निवासी शाळेत खरंच फुलतात, मी डोळ्यांनी पाहिल्यात.

तेव्हा शाळा बघायला गेलात तर मैदान आणि संगणकांची खोली शेवटी बघा. आधी विचारा, रात्री मुलींच्या मजल्यावर कोण झोपतं आणि किती मुलींमागे एक बाई आहे. नव्या मुलीला पहिल्या महिन्यात घरी फोन कधी करता येतो? ती दोन दिवस जेवली नाही तर ते कुणाला कळतं, आणि तुम्हाला कधी कळवतात? वर्षाच्या मध्येच परत यायचं म्हणाली तर काय करता? या प्रश्नांना माहितीपत्रकातलं उत्तर मिळालं तर रेक्टरबाईंनाच भेटायचा आग्रह धरा. सातवी-आठवीच्या एक-दोन मुलींशी बाई जवळ नसताना बोला. त्यांना विचारा, इथे रात्री पोट दुखलं तर कुणाला उठवायचं? पटकन एक नाव आलं तर चांगलं. एकमेकींकडे बघायला लागल्या तर घरी परत या. मुलांना मारणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद केलंय आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, हे दोन्ही तिला पाठ असू द्या, मग ती कुठेही शिको. आणि सोडायची वेळ आलीच, तर तिच्या समोर, तिला सांगून निघा. रडली तर रडू दे, तुम्हीही रडा.

नवऱ्याला एवढंच सांगा, की सॅली होपला शाळेत घातलं तेव्हा तिच्या घरी बाळ झालं होतं. त्यांना तुमच्या भावाचं वय माहीत आहे. बाकी ते जोडतील.

उरलेले पाच भाग मुलीकडून मागून घ्या आणि वाचा. ग्वेंडोलिनवरून तिच्याशी वाद घाला. ती डॅरेलची बाजू घेईल, तुम्ही ग्वेंडोलिनची घ्या. सहाव्या भागाशी पोचाल तेव्हा तुमची बाजू जड झालेली असेल, आणि ती 'पण आई, ती खोटं बोलायची ना' म्हणून भांडेल. भांडू दे. त्या भांडणातून तिच्या मनातलं जेवढं कळेल, तेवढं बोर्डिंगच्या हट्टावर थेट विचारून कळणार नाही.